पुराव्याचा हिशेब कोणाच्या वहीत?

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात गेल्या पंचवीस वर्षांत एका विशिष्ट प्रकारच्या संघटनाची मोठी वाढ झाली आहे. संशोधनसंस्था, वैद्यकीय महाविद्यालये, शासनाचे आरोग्यखाते, स्वयंसेवी संस्था आणि निधी पुरविणारी प्रतिष्ठाने एकत्र येतात. संशोधनातून जे सिद्ध झाले ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत व तेथून गावापर्यंत पोहोचविण्याचा संकल्प सोडतात. आणि तीन किंवा पाच वर्षांनी आपल्या कार्याचे मूल्यमापन करवून घेतात. या मूल्यमापनाचे अहवाल जाडजूड असतात. किती कार्यशाळा भरल्या, किती जणांस प्रशिक्षण दिले, किती करारांवर सह्या झाल्या, किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि सहभागी संस्थांचा परस्परांवरील विश्वास किती टक्क्यांनी वाढला, हे सारे त्यांत तपशीलवार असते. नसते ते एवढेच, की दुर्गम पाड्यावर जन्मलेल्या तीन दिवसांच्या बालकाच्या घरी कोणी गेले काय, गेले तर हातात काय घेऊन गेले, आणि जाणाऱ्या बाईला त्याबद्दल काय मिळाले.

अशा सहकार्याच्या जाळ्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. संशोधन आणि व्यवहार यांच्यातील दरी खरी आहे, आणि ती एकट्या दुकट्या संस्थेकडून बुजत नाही. तथापि या जाळ्याने काय साधले हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, त्याची मोजपट्टी कोणती, आणि ती कोणाच्या हातात असावी, हे प्रश्न तांत्रिक म्हणून तज्ज्ञांवर सोपवून देण्याची जी रीत पडली आहे, ती तपासावयास हवी. महाराष्ट्राने या बाबतीत दोन वेळा अनुभव घेतला आहे आणि दोन्ही वेळा घडले ते जवळजवळ सारखेच.

पहिला अनुभव जामखेडचा. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम आरंभिले आणि काही वर्षांतच असे दाखवून दिले, की शाळेचे तोंड न पाहिलेली किंवा अगदी जुजबी शिकलेली खेड्यातील स्त्री, त्यांत दलित स्त्रियाही आल्या, योग्य व अखंड शिक्षण मिळाल्यास गावाच्या आरोग्याचा मोठा भार पेलू शकते. ‘अखंड’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या स्त्रिया एकदा प्रशिक्षण घेऊन गावी परतल्या आणि विषय संपला असे नव्हते. त्या जामखेडला पुनःपुन्हा येत, आपले अनुभव सांगत, चुका दुरुस्त करीत. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे शासन आले. आरोग्यमंत्री झालेले राजनारायण हे समाजवादी चळवळीतले. त्यांच्या कारकिर्दीत २ ऑक्टोबर १९७७ रोजी दर हजार लोकसंख्येमागे एक ग्रामीण आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू झाली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीची शिफारस व जामखेडसारख्या प्रयोगांचा दाखला तिच्या पाठीशी होता. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध असतानाही ती आणली गेली, याचे श्रेय देण्यास संकोच करू नये.

परंतु प्रयोगाचे योजनेत रूपांतर होताना काय गळाले तेही पाहिले पाहिजे. स्त्रियांच्या जागी बहुसंख्येने पुरुष आले. अखंड शिक्षणाच्या जागी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आला. आणि मानधन ठरले दरमहा ५० रुपये. पुढे नामांतराचा जो खेळ झाला तो तर बोलका आहे. आरंभी ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ असलेला हा माणूस १९८० मध्ये ‘व्हॉलंटियर’ झाला आणि १९८१ मध्ये ‘व्हिलेज हेल्थ गाइड’. ‘वर्कर’ म्हटले की वेतन आले, सेवाशर्ती आल्या, संघटना आली. स्वयंसेवकाला केवळ सेवाभाव पुरतो, आणि मार्गदर्शकाला तर बहुधा मार्ग ठाऊक असला म्हणजे झाले! त्यानंतर योजना रोडावत गेली, आणि सामान्य माणसे आरोग्यसेवा देऊ शकत नाहीत हे सिद्धच झाले असा निष्कर्ष अनेकांनी काढला. वस्तुतः जे फसले ते जामखेडमध्ये सिद्ध झालेले तत्त्व नव्हते. ते तत्त्व पुरतेपणी वापरलेच गेले नव्हते. मूल्यमापन करणाराने प्रथम हा भेद करावयाचा असतो.

दुसरा अनुभव गडचिरोलीचा, आणि तो अधिक शिकविणारा आहे, कारण तेथे पुरावा आकड्यांत उपलब्ध आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांचा अभ्यास सुरू केला. तुलनेसाठी ४७ गावे घेतली. घरी जन्मणाऱ्या बालकांपैकी निम्म्याहून अधिकांना वैद्यकीय मदतीची गरज असते आणि ती लाभते अगदी थोड्यांना, हे प्रथम दिसून आले. मग गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बालकाला श्वास देणे, वजन करणे, ऊब राखणे, आईला स्तनपानास साह्य करणे, ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बालकाची तपासणी करणे, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास व आईबापांची संमती असल्यास जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणे, अशी त्यांची कामे होती. दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूचे प्रमाण तीन वर्षांत २५.५ वर आले. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

खेड्यातील बाईच्या हातात इंजेक्शनची सुई देणे हा त्या काळी वैद्यक व्यवसायाच्या दृष्टीने जवळजवळ अधर्म होता. म्हणून साहजिकच आक्षेप निघाला, की हे यश एका निष्ठावान डॉक्टर दांपत्याचे आहे. ते अन्यत्र घडावयाचे नाही. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीच सहकार्याचे जाळे विणले गेले. ‘अंकुर’ नावाच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील सात संस्थांनी आपापल्या क्षेत्रात, ग्रामीण व आदिवासी गावांत तसेच शहरी झोपडपट्टीत, हीच पद्धत राबविली आणि नवजात मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाच राज्यांत तिची पडताळणी केली. अखेर २०११ मध्ये केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला आणि तो ‘आशा’कडे सोपविला. एका जिल्ह्यातील ३९ गावांतून निघालेला पुरावा बारा वर्षांत साऱ्या देशात गेला. अशा जाळ्यांच्या इतिहासात एवढे यश विरळा, आणि कोणत्याही मूल्यमापनात त्याला पहिल्या श्रेणीचे गुण मिळतील.

मात्र येथेच थांबून विचारले पाहिजे, की देशभर गेले ते नेमके काय?

गेल्या त्या भेटी. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी सहा, घरी जन्मलेल्याच्या घरी सात. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आशाला थैली मिळाली, वजनकाटा मिळाला, तक्ता मिळाला. इंजेक्शन मात्र वाटेत राहिले. गडचिरोलीच्या पुराव्याचा जो सर्वांत धारदार भाग, ज्याने जंतुदोषाचे मरण रोखले, तो आशाच्या हातात आलाच नाही. आशाने लक्षण ओळखावे आणि बालकाला रुग्णालयात धाडावे, असे ठरले. २०१४ मध्ये सूचना निघाल्या त्या ए. एन. एम. नर्सबाईने विशिष्ट परिस्थितीत जेन्टामायसिन द्यावे अशा. ज्या पाड्यावरून पावसाळ्यात नदी ओलांडता येत नाही तेथे उपकेंद्रातील नर्सबाई तरी कशी पोहोचावी, हा प्रश्न त्या सूचनांमुळे सुटत नव्हता. मधल्या काळात रुग्णालयातील बाळंतपणांचे प्रमाण पुष्कळ वाढले, रुग्णवाहिका आल्या, आजारी नवजातांसाठी जिल्हा रुग्णालयांत विशेष कक्ष उघडले गेले, आणि म्हणून सुईची गरज पूर्वीइतकी उरली नाही, असे म्हणता येईल. त्यात तथ्य आहे. पण ते तथ्य गावागणिक तपासून ठरवावयाचे असते. संशोधनाचा मर्मभाग गाळून उरलेल्याला त्याच संशोधनाचे नाव द्यावे, हे त्या तपासणीचे उत्तर होऊ शकत नाही.

याहून गंभीर बाब मोबदल्याची. २०११ च्या मूळ सूचनांनुसार सहाही भेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये मिळावयाचे होते. आणि त्याला जोडलेल्या अटींत बालकाचे वजन नोंदविलेले असावे, लसीकरण व जन्मनोंदणी झालेली असावी, यांच्या जोडीला माता व बालक ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असावीत, अशीही एक अट होती. क्षणभर या अटीचा अर्थ लक्षात घ्यावा. विसाव्या दिवशी बालक दगावले तर त्याच्या घरी तीन वेळा चालत गेलेल्या बाईचे श्रम शून्य. मृत्यू दडविण्याचे प्रलोभन कार्यक्रमाच्या रचनेतच ठेवावयाचे आणि मग त्याच बाईने भरलेल्या तक्त्यांवरून मृत्यू किती घटले याचे गणित मांडावयाचे, हा कुठला विज्ञाननिष्ठ व्यवहार? मंत्रालयात बसून ही अट लिहिणारास आशा ही नोंदीच्या शुद्धतेची पहिली रखवालदार आहे, हे सुचले नाही. तिला वेतन असते तर अशी अट लिहिता आली नसती. पन्नास रुपयांचा स्वयंसेवक आणि अडीचशे रुपयांची आशा यांच्यामध्ये चौतीस वर्षे आहेत. दृष्टी तीच आहे.

नोंदी किती फसव्या असू शकतात, याचा पुरावा महाराष्ट्राने स्वतःच उभा केला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या क्षेत्रातील प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यू स्वतः मोजला. ‘कोवळी पानगळ’ या नावाने २००१ मध्ये निघालेल्या त्यांच्या अहवालाने दाखविले, की शासकीय यंत्रणेच्या कागदांवर बालमृत्यूंचा फार मोठा भाग येतच नाही. विधिमंडळात व वृत्तपत्रांत खळबळ उडाली, शासनाला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. हेही सहकार्याचे एक जाळेच होते. त्याच्याजवळ करार नव्हते की कार्यशाळांचे छायाचित्रसंग्रह नव्हते. त्याची किंमत एका गोष्टीत होती: मोजणारा आणि ज्याचे काम मोजले जाते तो, हे दोन निराळे होते. आज संशोधन व्यवहारात आणणाऱ्या बहुतेक जाळ्यांत शासन हाच भागीदार, शासन हाच माहितीचा पुरवठादार आणि अंशतः शासन हाच आश्रयदाता असतो. अशा जाळ्याने स्वतः नेमलेल्या मूल्यमापकाकडून स्वतःचे दोष कळावेत ही अपेक्षा फार भाबडी आहे. स्वयंसेवी संस्थांनाही हेच लागू. पुढील निधी ज्या अहवालावर अवलंबून, त्या अहवालात अपयश लिहिण्याचे धैर्य फार थोड्यांजवळ असते.

मग मोजावे कोणी? या प्रश्नाचे एक जुने व अजूनही न शिळे झालेले उत्तर क्षयरोगाच्या इतिहासात आहे. मद्रास येथे १९५६ मध्ये क्षयावरील औषधोपचाराचे संशोधनकेंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चार भागीदार त्यात होते. रुग्णाला घरी ठेवून औषध दिले तरी ते सॅनिटोरियमइतकेच गुणकारी ठरते, हे त्यांनी १९५९ मध्ये दाखविले. गरीब देशांच्या दृष्टीने हा शोध क्रांतिकारकच होता. पण औषध निघाले म्हणून रुग्ण येतील काय? अडाणी खेडूत येणार नाहीत, त्यांच्यात जाऊन शोध घ्यावा लागेल, असे तज्ज्ञ म्हणत होते. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी व त्यांचे सहकारी अँडरसन यांनी थेट रोग्यांनाच जाऊन विचारले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले ते असे: क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन सरकारी दवाखान्यात गेलेच होते, आणि तेथून खोकल्याची बाटली घेऊन परत आले होते. दोष लोकांच्या अज्ञानात नव्हता, दवाखान्याच्या खिडकीत होता. तपासणीची दिशा उलटी फिरवली म्हणून तो सापडला.

ही उलटी दिशा महाराष्ट्रात २००७ पासून काही काळ शासकीय चौकटीतच वापरून पाहण्यात आली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेखीचा उपक्रम पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि त्या वेळचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाला व पुढे आणखी जिल्ह्यांत गेला. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे समन्वय होता. प्रत्यक्ष काम जनसंघटनांचे कार्यकर्ते व गावसमित्या करीत. गावाने बसून ठरवावे की नर्सबाई येते काय, औषध मिळते काय, पैसे मागितले जातात काय, आणि उत्तराप्रमाणे गावपत्रकात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरावा. मग जनसुनवाई. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, तालुका अधिकारी आणि ज्या बाईला बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी देण्यात आली ती बाई, हे एकाच मांडवात समोरासमोर. अनेक ठिकाणी बंद उपकेंद्रे उघडली, बेकायदा वसुली थांबली. याला मूल्यमापनशास्त्रात काय म्हणतात ते शास्त्रज्ञांनी ठरवावे. खेड्यातील माणसाला ते हिशेब मागणे म्हणून समजले.

आक्षेप दोन आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा, की लोकांचे मत म्हणजे पुरावा नव्हे. नर्सबाई गोड बोलते म्हणून गाव हिरवा रंग भरील आणि अर्भकाला चुकीचे औषध दिले गेले ते गावाला कळणारही नाही. हे मान्य केले पाहिजे. गडचिरोलीत ४७ गावे तुलनेला घेतली नसती तर तेथील सिद्धीही किर्तनात जमा झाली असती. मृत्यूचे प्रमाण घटले ते कशामुळे, हे गावपत्रक सांगू शकत नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्रात नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ११ होते आणि देशात २०. ही घट आशाच्या भेटींची, रुग्णालयातील बाळंतपणांची, रस्त्यांची, की मुलींच्या शिक्षणाची, याची वाटणी कोणतेही जाळे प्रामाणिकपणे करू शकणार नाही. आणि साऱ्याचे श्रेय स्वतःच्या नावावर मांडणारा अहवाल तर बाजूलाच ठेवावा. म्हणून शास्त्रीय मोजणी आणि लोकांची साक्ष या दोहोंची गरज आहे. आज तोल पहिलीकडे झुकलेला नाही, दुसरीकडेही नाही. तो तिसऱ्याच वस्तूकडे, म्हणजे कार्यशाळांच्या हजेरीपटाकडे झुकला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. लोकाधारित देखरेखीचा निधीही आरोग्यखात्यातूनच येत होता. ज्याच्यावर देखरेख त्याच्याच खिशातून देखरेखीचा खर्च, या विसंगतीमुळे तिचे आयुष्य खात्याच्या मर्जीवर राहिले. तिला कायद्याचा आधार असता, ग्रामसभेच्या अधिकारात तिची तरतूद असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. समाजवादी चळवळीने या मागणीचा पाठपुरावा जितका करावयास हवा होता तितका केला नाही. आरोग्य म्हणजे दवाखान्याची मागणी, दवाखाना म्हणजे डॉक्टरची मागणी, यापुढे पक्षांचे जाहीरनामे सहसा जात नाहीत. संशोधनाचा पुरावा गावात येताना वाटेत कोणी किती काढून घेतला, हा प्रश्न विधानसभेत क्वचितच विचारला जातो, कारण तो विचारण्यासाठी मूळ पुरावा वाचलेला असावा लागतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये व पुन्हा २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. त्यांच्या मानधनाच्या मागणीकडे कामगारप्रश्न म्हणून पाहिले गेले ते योग्यच. पण तो तितकाच विज्ञानाचा प्रश्न होता, हे फारसे कोणी बोलले नाही. ज्या स्त्रीच्या नोंदीवर देशाच्या बालआरोग्याचे सारे निष्कर्ष उभे राहतात, तिला प्रत्येक नोंदीमागे सुटे पैसे मोजून देणारी व्यवस्था खरी माहिती मागण्याचा अधिकार गमावते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मानपत्रावर वाणसामान मिळत नाही, हे सांगण्यासाठी त्यांना आझाद मैदानावर येऊन बसावे लागले.

तालुक्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यापुढे एखाद्या नव्या सहकार्य-जाळ्याच्या उद्घाटनाचे निमंत्रण आल्यास अवश्य जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ संशोधनातील कोणकोणते घटक या कार्यक्रमात आहेत व कोणते वगळले. वगळले ते कोणत्या कारणाने, आणि ते कारण लेखी आहे काय? काम करणाऱ्या शेवटच्या माणसाला वेतन आहे की प्रोत्साहन, आणि वाईट बातमी कळविल्याने त्याचे नुकसान होते काय? मृत्यू मोजणारा कोण, आणि त्याचा पगार कोण देतो? उत्तरे मिळाली नाहीत तर पाच गावांची पाहणी स्वतः करता येते. आशाचे भेटींचे तक्ते, अंगणवाडीची नोंदवही आणि ग्रामपंचायतीतील जन्ममृत्यूची नोंद अशी तीन कागदपत्रे शेजारी ठेवून गेल्या वर्षातील प्रत्येक जन्माचा मागोवा घ्यावा, आणि ज्या घरांत पाळणा रिकामा राहिला तेथे बसून बोलावे. हे तक्ते पाहताना आशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ती या पाहणीतील पहिली सहकारी आहे. पाच गावांतून निघालेली तफावत जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे ठेवण्यास कोणत्याही प्रतिष्ठानच्या निधीची वाट पाहावी लागत नाही. जन्ममृत्यूचे रजिस्टर गावातच असते.